"घे की गा एक" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

दसरा झाला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम बदलतात. एरवी झोप, मुलांचा अभ्यास, सासू-सून असं सगळं मिसळून असतं, पण पुढे दिवाळी, मग तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि शेवटी थर्टी फर्स्ट, त्यामुळे बरीचशी पत्रं एकच विचारतात, दारू सोडलीय किंवा सोडायचीय तर हे दोन-अडीच महिने काढायचे कसे. खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव शहर, हद्दीपलीकडच्या चंदगडकडनंपण आलीत. म्हणून या वेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय, नावं-गावं नेहमीसारखी काढलीत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती जवळपास सगळ्या उत्तरांत येणार आहे. नाही म्हणायचं काम दारू सोडणाऱ्या एकट्या माणसावर टाकून बाकीच्यांनी ग्लास भरत राहायचं, हे मला अजिबात मान्य नाही. बोलावणारा, वाढणारा, घरचे, मंडळाची पोरं, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, मी उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे, गाव खानापूर तालुक्यात. शिवजयंतीपासनं बंद केलीय, गणपतीतपण घेतली नाही. पण आमचा आठ जणांचा ग्रुप दरवर्षी थर्टी फर्स्टला चोर्ल्यातनं गोव्याला जातो, गाडी मीच चालवतो. यंदा म्हणतायत तू नको पिऊ, पण ये तरी, ड्रायव्हर तर पाहिजेच. बायको म्हणते जाऊ नका. नाही गेलो तर ग्रुप तुटेल असं वाटतं, हीच पोरं माझे वडील ॲडमिट होते तेव्हा रात्र रात्र दवाखान्यात बसलेली. गेलो तर टिकेन का मी? कोणी "घे की गा एक" म्हटलं की माझ्या तोंडातनं शब्दच फुटत नाही.

उत्तर: दादा, यंदा जाऊ नका, वहिनी बरोबर बोलतायत. "तू नको पिऊ पण ये" हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण प्रत्यक्षात काय होतं बघा, दोन दिवस एकच रूम, सगळ्यांच्या हातात ग्लास, रात्री दोन वाजता सगळे तर्र आणि तुम्ही एकटेच शुद्धीत, वर सगळ्यांना गाडीत भरून घाटातनं जांबोटीपर्यंत आणायची जबाबदारीपण तुमचीच. तिथनं मधेच उठून घरी यायचं म्हटलं तर येता येत नाही. सोडलेल्या माणसाने पहिल्या वर्षात कुठे जावं आणि कुठे नाही यासाठी मी एकच गोष्ट विचारते, तिथनं दहा मिनिटांत आपल्या आपण बाहेर पडता येतं का. गल्लीतलं लग्न असलं, शेजारच्या गावातलं जेवण असलं तर येतं. कळंगुटच्या रूमवरनं येत नाही.

ड्रायव्हरचं म्हणाल तर त्यांना सरळ सांगा, पगारी ड्रायव्हर घ्या, सात जणांत वाटून जड जात नाही. तो घेतलाच पाहिजे कारण १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की मोटर वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि घाटाचा रस्ता, डिसेंबरचं धुकं, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. येताना डिकीत बाटल्या घालून आणणारे असतात तेपण लक्षात ठेवा, परमिट नसताना गोव्याची दारू कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि कणकुंबीच्या चेकपोस्टला गाडी अडवली तर स्टेअरिंगवर तुम्ही असता.

आता "घे की गा एक" ला उत्तर. छोटं ठेवा. "नको, मी सोडलीय." झालं. कारण सांगत बसलात की समोरचा त्या कारणाशी भांडायला लागतो, गोळ्या चालू आहेत म्हटलं की किती दिवस, पोट बिघडलंय म्हटलं की एकाने बरं वाटेल, उपवास आहे म्हटलं की मग उद्या बसूया. "सोडलीय" म्हटल्यावर भांडायला जागाच राहत नाही. दुसऱ्यांदा म्हणाला तर तेच वाक्य परत, तिसऱ्यांदा म्हणाला तर तिथनं उठायचं. हे घरी मोठ्याने म्हणून बघा, वहिनींना "घे की गा" म्हणायला लावा आणि तुम्ही उत्तर द्या, पहिल्यांदा दोघांनाही हसू येईल, पण तोंडाला सवय लागते आणि ऐन वेळी शब्द न फुटायची जी अडचण तुम्ही लिहिलीय ती अशीच जाते.

बाकी कुठल्याही जेवणाला गेलात तर घरनं थोडं खाऊन जा. पोटात भूक, डोक्यात राग, अंगात थकवा आणि मनात एकटेपणा, यातलं एक जरी असलं तरी तलफ जोरात येते, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटातली मंडळी हे चारही एकमेकांना सारखं आठवण करून देत असतात. सेकंड शिफ्ट संपवून उपाशीपोटी थेट पार्टीला जायचं म्हणजे यातल्या दोन गोष्टी घेऊनच गेलात. पोचल्या पोचल्या कोकम, ताक, सोडा-लिंबू जे असेल ते हातात घ्या, कारण हात रिकामा दिसला की लोक भरायला येतात, आणि ते स्वतः ओतून घ्या, दुसऱ्याने आणून दिलेला ग्लास तोंडाला लावू नका, गंमत म्हणून मिसळणारे असतात आणि मला त्या गंमतीची फार चीड आहे. तलफ आलीच तर ती कायम राहत नाही एवढं ध्यानात ठेवा, साधारण अर्ध्या तासात चढते, टोकाला जाते आणि उतरते, तेवढा वेळ बाहेर पडून चालायचं, कोणाला तरी फोन लावायचा.

थर्टी फर्स्टची संध्याकाळ रिकामी मात्र ठेवू नका. आपल्या बेळगावात त्या रात्री ओल्डमॅन (सरत्या वर्षाचा पुतळा) जाळतात, डिसेंबर अखेर कॅम्पात विकायला ओळीने उभे असतात, पण जुनी पँट-शर्ट आणि पेंढा घेऊन गल्लीतल्या पोरांबरोबर घरी केलेला त्याहून भारी. तुम्ही करा यंदा, बारा वाजता जाळा, झोपा, आणि १ तारखेला पहाटे राजहंसगडावर चढा. ग्रुप तुटणार नाही हो. त्यातला जो सगळ्यात जवळचा आहे त्याला आधीच एकटं गाठा, दिवसा, चहावर, आणि सांगा की मला तुझी मदत पाहिजे, कोणी आग्रह केला की माझ्या बाजूने तू बोलायचं. एक जण बाजूने बोलला की बाकीचे गप होतात. ते गोव्याहून आले की मटणाचं जेवण तुमच्या घरी ठेवा, दुपारचं, म्हणजे मैत्री चालूच आहे हे त्यांनापण दिसेल. दवाखान्यात रात्र काढणारी पोरं एवढंही करणार नाहीत असं मला वाटत नाही.

प्रश्न: ताई, मी निपाणीजवळच्या गावातली. नवरा ट्रॅक्टरवर, ऊस वाहतूक करतात. कारखाना सुरू झाला की रोज पिऊन येतात. दिवाळीला माझ्या माहेरची माणसं येणारेत, मला लाज वाटते. बचत गटातल्या एकीने व्हॉट्सॲपवरनं मागवलेली पावडर दिलीय, भाजीत मिसळायची, चव लागत नाही, महिन्यात सुटते म्हणे, तिच्या भावाची सुटली. सासूपण म्हणते घाल. घालू का?

उत्तर: वहिनी, घालू नका. चिमूटभरपण नको. त्या पाकिटात काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं, आणि "दारू पिली की त्रास होतो" असा परिणाम देणारं काही त्यात असेल तर ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टर एक खरंच औषध देतात, डायसल्फिराम, ते कसं चालतं सांगते. दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य करतं आणि मग ते मोडून टाकतं. डायसल्फिराम हे मोडणंच अडवतं, म्हणून गोळी घेणारा दारू प्याला की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, दम लागतो, बीपी खाली जातं, माणूस दगावूपण शकतो. म्हणूनच हे औषध माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात, आणि गोळी बंद केल्यावरसुद्धा दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. आता विचार करा, तुमच्या नवऱ्याला काही माहीत नाही, दुपारी भाजी खाल्ली, संध्याकाळी नेहमीसारखी घेतली, आणि उसाने भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्यावर असताना त्रास सुरू झाला. त्यांचा जीव आणि समोरनं येणाऱ्याचापण. शिवाय एकदा कळलं की तुमच्या हातचं जेवण ते कधी निर्धास्त जेवतील? सासूबाईंना हे वाचून दाखवा, त्या काळजीनेच म्हणतायत.

तलफ कमी करणारी दुसरी औषधंपण आहेत, नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट, पण तीही डॉक्टरांनी लिव्हर-किडनी बघून द्यायची असतात. तुम्ही काय करू शकता तर बोलायची वेळ बदलू शकता. रात्री पिऊन आल्यावर एक अक्षर बोलू नका, त्या वेळचं काही डोक्यात राहत नाही. सकाळी चहा झाल्यावर, माणसं नसताना, शांतपणे सांगा की दिवाळीच्या चार दिवसांत तुम्ही पिऊन आलात तर मी जेवण झाकून ठेवीन आणि माझ्या खोलीत जाईन, माहेरच्यांना "तब्येत बरी नाही" म्हणून खोटं सांगणार नाही. आणि खरंच सांगू नका. लाज तुम्ही वाटून घ्यायची नाही वहिनी, तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. बोलायला माणूस पाहिजे असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठी-कन्नड दोन्ही चालतं, भाषा निवडता येते, आणि नवरा तयार नसला तरी घरच्यांनी फोन केलेला चालतो. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा वेगळा नंबर १४४४६. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे ग्रुप असतात, १९५१ पासून जगभर चालू आहेत, पैसे लागत नाहीत, जवळ कुठे आहे ते विचारून घ्या. आणि मारहाण होत असेल, तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही पण विचारायलाच पाहिजे, तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ ला फोन करा, सण आहे म्हणून थांबू नका.

प्रश्न: वय ४८, चिकोडी भागात शेती. सकाळी उठल्यावर नाइंटी लागतेच, नाहीतर हात कापतात, चहाचा कप धरवत नाही. दिवसाला दोन क्वार्टर, कधी जास्त, पंधरा वर्षं झाली. मार्चात मुलीचं लग्न आहे. पाडव्याला देवापुढे हात ठेवून एकदम बंद करायचं ठरवलंय, एक थेंब नाही. घरच्यांना सरप्राइज द्यायचंय. जमेल ना?

उत्तर: भाऊ, ठरवलंय ते अजिबात सोडू नका, पण सरप्राइज देऊ नका आणि एकट्याने एकदम बंद करू नका. हे पत्र आल्या आल्या मी आधी तुमचं उत्तर लिहायला घेतलं कारण यात धोका आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. सकाळी हात कापतात याचा अर्थ तुमचं शरीर दारू धरूनच चालायला शिकलंय, ती एकदम काढली की ते खवळतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी हाक मारतंय वाटतं, दिवस-रात्र कळत नाही, ताप, छातीत धडधड. उपचार नाही झाले तर यात माणूस जातो. आपल्याकडे नेमकं या वेळी घरचे म्हणतात याला बाहेरचं लागलं, अमावस्या होती ना, आणि देवरसी शोधत फिरतात आणि दवाखान्याचे मोलाचे तास निघून जातात. दिवाळीत तर लक्ष्मीपूजनाची अमावस्याच असते, म्हणजे हा संशय यायला निमित्तपण तयार.

तर असं करा. पाडव्याच्या आठ-दहा दिवस आधी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे जा, ऐन दिवाळीत ओपीडी बंद असतात, डॉक्टर सुट्टीवर असतात, म्हणून आधीच. किती पिता, कधीपासून, पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का, हे खरं खरं सांगा, अर्धं सांगितलं तर औषध अर्ध्याच मापाने मिळेल. ते बहुतेक काही दिवस ॲडमिट व्हायला सांगतील, थरथर आणि फिट थांबवणाऱ्या गोळ्या रोज कमी कमी करत देतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमचं नुकसान होऊ शकतं. मेडिकलमधनं स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणून हे करू नका, दारूवर त्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो. डॉक्टर भेटेपर्यंत एकदम बंद करू नका, हे मी लिहितेय याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल पण तेच बरोबर आहे. बेळगावात सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, तुम्हाला कोल्हापूर सोयीचं असेल तर तिथला सीपीआर हा सरकारी दवाखाना. जास्त दिवस राहून उपचार घ्यायचे तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. आधीच बंद केलेली असेल आणि घाम-थरथर वाढत असेल, फिट आली, बडबड सुरू झाली तर १०८ ला फोन, सण-वार बघायचा नाही. देवापुढे हात ठेवायचा तो डिस्चार्ज घेऊन घरी आल्यावर ठेवा, मुलगीपण शेजारी उभी असू दे.

प्रश्न: मी श्रावण पाळतो, गणपतीत घेत नाही, नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौडीला जातो तेव्हा नऊ दिवस नाही, अय्यप्पाची माळ घातली तर ४१ दिवस नाही. मग बायको मला व्यसनी का म्हणते? थोडी थोडी तब्येतीला चांगलीच असते ना?

उत्तर: पाळता हे चांगलंच आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण वहिनी पाळलेले दिवस बघत नाहीयेत, त्या माळ उतरवल्यानंतरचे तीन दिवस बघतायत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी किती झाली, दोन म्हणून बसलात तेव्हा दोनवर उठलात का, पाळणूक सुटायची तारीख आधीपासनं डोक्यात घोळत असते का, याचं उत्तर स्वतःशी द्या. तब्येतीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं सुरक्षित असं प्रमाण नाही. तुमच्याकडे एक मोठी गोष्ट आधीच आहे, ४१ दिवस बिनात्रासाचे काढता येतात हे तुम्हाला माहीत आहे. मग या वेळी माळ उतरवली की बसायचं कुठे हे ठरवायच्या ऐवजी बेचाळिसावा दिवसपण तसाच काढून बघा.

प्रश्न: मी माजी सैनिक, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर. डॉक्टरांनी लिव्हरला सूज सांगितल्यापासून बंद केलीय. पण दिवाळी आली की भाऊबंद, गावातली मोठी मंडळी सगळे "कॅन्टीनची आण" म्हणतात. त्यांच्यासाठी आणलेल्या बाटल्या कपाटात आहेत. नाही म्हटलं तर फौजीला गर्व चढला म्हणतात.

उत्तर: साहेब, आधी कपाट रिकामं करा. आज. घरच्या कोणाला तरी समोर उभं करून मोरीत ओता, वाटत बसू नका, कारण वाटायला गेलात की "तुमच्याबरोबर एक" होणारच. आपल्या भागात घरटी एक फौजी अशी गावं आहेत, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही, पण याच्यावर कोणी बोलत नाही. लष्कराच्या कॅन्टीनमधला दारूचा कोटा तुमच्या स्वतःच्या वापरासाठी असतो, गावाला पुरवायला नाही आणि विकायला तर नाहीच, आणि मिळतो म्हणून उचललाच पाहिजे असं तर कुठेच नाही. किराणा घ्या, साबण, चहापत्ती, कुकर, मिक्सर, आणि दारूचा कोटा तसाच पडू द्या. मागणाऱ्यांना सांगायचं, "मी आता उचलतच नाही." कोणाला देतो आणि कोणाला नाही हा भेद राहिला की रुसवे होतात, सगळ्यांनाच नाही म्हटलं की दोन सणांत लोक विचारायचं थांबतात. गर्व म्हणतील, म्हणू द्या. लिव्हर तुमचं आहे आणि सूज असताना थोडीसुद्धा चालत नाही.

तुमच्या पत्रात अजून एक वाक्य होतं, संध्याकाळी सात ते नऊ वेळ जात नाही. तो वेळ भरला पाहिजे, नाहीतर तिथेच घात होतो. गावातली पोरं भरतीची तयारी करत असतात, धावायला कोणी शिकवणारा नसतो, पहाटे त्यांना ग्राउंडवर घ्या आणि संध्याकाळी लेखीचा अभ्यास. पहाटे साडेचारला उठणारा माणूस रात्री नऊला आपोआप झोपतो.

प्रश्न: तुळशीच्या लग्नानंतर आमच्या धाकट्याचं लग्न आहे. मधल्या दिराने दारू सोडलीय, फार कष्टाने. हळदीच्या रात्री डीजे आणि पोरांची बसायची सोय आमच्याकडे ठरलेली असते. नवरा म्हणतो एकासाठी सगळ्यांची मजा घालवायची का, लोक काय म्हणतील?

उत्तर: बंद ठेवा वहिनी. लग्न तुमच्या घरचं, खर्च तुमचा, मग हळदीला काय वाढायचं ते तुम्ही ठरवायचं. लोक दोन दिवस बोलतील आणि जेवण चांगलं असेल तर तेपण बोलणार नाहीत. त्या पैशात एक चांगला आचारी, गरमागरम पुऱ्या, मटण, शेवटी कुंदा, बघा कोण उपाशी रागाने जातो ते. नवऱ्याला विचारा, दिराला शुगर असती तर त्याच्या ताटात जबरदस्तीने जिलेबी घातली असती का.

आणि तरीही नाहीच ऐकलं, शेतात कुठेतरी सोय झालीच, तर निदान एवढं बघा की दिराला "तू पीत नाहीस ना, मग स्टॉकचा हिशेब तू बघ" म्हणून त्या कामावर कोणी बसवणार नाही. हे सर्रास करतात आणि याच्यासारखा घातक प्रकार नाही. त्याला वऱ्हाडाच्या गाड्या, भटजी, स्टेज असली कामं द्या, घरातली, उजेडातली, आणि हळदीची रात्र तो घरी लवकर झोपला तर "कुठे गेला" म्हणून हाका मारत फिरू नका.

प्रश्न: मी बेळगावात कॉलेजला आहे. पप्पांनी दोन वर्षं दारू सोडली होती. अनंत चतुर्दशीला मंडळाच्या मिरवणुकीत घेतली आणि तेव्हापासून लपून चालू आहे. आई त्यांच्याशी बोलत नाही. मी रोज त्यांचा वास घेते, बॅग बघते. दोन वर्षं फुकट गेली का? दिवाळीत काय करू?

उत्तर: बाळा, दोन वर्षं फुकट गेलेली नाहीत. त्या दोन वर्षांत त्यांच्या शरीराने विसावा घेतला, तुम्ही तिघांनी शांत सण बघितले, आणि दारूशिवाय जगता येतं हे त्यांना स्वतःला माहीत झालं, ते कोणी पुसू शकत नाही. बरीच माणसं एकदा-दोनदा घसरूनच कायमची बाहेर पडतात. जास्त नुकसान पहिल्या ग्लासाने होत नाही, "आता गेलंच सगळं, मग काय राहिलं" या विचाराने होतं, लपवालपवीने होतं.

तू वास घेणं आणि बॅग बघणं बंद कर. ते तुझं काम नाही आणि त्याने काही थांबत नाही, फक्त तुझी झोप जाते. एकदा सकाळी, ते शुद्धीत असताना, एवढंच बोल, "पप्पा, मला माहीत आहे की परत चालू झालीय, मी रागावले नाहीये, मला भीती वाटते, तुम्ही डॉक्टरांना किंवा ग्रुपमधल्या तुमच्या माणसाला फोन करा." आणि गप राहा, उत्तराची घाई करू नको. ते पूर्वी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जात असतील तर परत जायला लाजतील, पण तिथे घसरून आलेल्याला कोणी हाकलत नाही, दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट आहे. रोज आणि बरीच होत असेल तर वर चिकोडीच्या भाऊंना लिहिलंय तेच, एकदम बंद न करता डॉक्टर. आईला सांग, अबोला हा रागाचा हक्क आहे, पण उपचाराची गोष्ट तरी बोलायला हवी.

पुढच्या वर्षीच्या गणपतीचं आत्ताच ठरवून ठेवा. बेळगावची विसर्जन मिरवणूक कपिलेश्वर तलावाला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो, आणि त्या दिवशी दुकानं बंद असली तरी आदल्या दिवशीच स्टॉक केलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा पप्पांनी संध्याकाळची आरती करायची, लहान पोरांना घेऊन थोडं नाचायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, तुम्हीपण हे वाचताय, तुमच्या प्रत्येकाच्या गल्लीत असा एक तरी माणूस आहे. ट्रॉलीमागे सरबताचा कॅन ठेवायला फार पैसे लागत नाहीत, आणि तो लवकर घरी निघाला तर त्याला अडवू नका.

प्रश्न: नॉन-अल्कोहोलिक बिअर चालते का पार्टीत? दिसायला सेम, मग कोणी आग्रहपण करत नाही.

उत्तर: दिसायला सेम हीच अडचण आहे. तोच वास, तोच फेस, तोच चकणा समोर, आणि डोकं विचारायला लागतं की मग खरीच का नको. सोडून थोडेच महिने झालेल्यांनी तरी लांब राहावं असं माझं मत आहे, कोकम घ्या, ताक घ्या. शिवाय लेबल वाचा, काहींवर शून्य असतं पण काहींमध्ये ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं. डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर तिला हातच लावू नये, आणि खोकल्याचं औषध किंवा माउथवॉश घेतानासुद्धा मेडिकलवाल्याला यात अल्कोहोल आहे का ते विचारून घ्यावं.